आजोबांच्या आवाजाची डिस्क

"हे बाळ कोण?" टिल्लूनं पडद्याला नाक लावून विचारलं.

चष्मिसनं चित्र थांबवलं. एक गुबगुबीत पोरगं सलूनच्या उंच खुर्चीत बसून गळा काढत होतं. ते तिच्या ओळखीचं नव्हतं. त्याला धरून उभी असलेली बाईही ओळखीची नव्हती. कव्हरवर मात्र मामाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाबांची गोष्ट'.

सुटीत मामाकडे आल्यापासून तिनं एकच ध्यास घेतला होता. टिल्लू म्हणजे मामाचा मुलगा, वय वर्षं सहा. तो जेमतेम वर्षाचा असताना घशाच्या ऑपरेशनमध्ये आजोबांचा आवाज गेला. तेव्हापासून ते वहीत लिहून बोलत. त्यांचा आवाज कसा होता, हे टिल्लूला ठाऊकच नव्हतं. या डिस्कवर ते शाळेतल्या मुलांना गोष्ट सांगत होते. तो आवाज घेऊन, त्याला जुने फोटो जोडून, उद्या त्यांच्या वाढदिवसाला फिल्म दाखवायची होती. पण डिस्कवरचा सिनेमा सरळ कापता-जोडता येत नाही. आधी तो कॉम्प्युटरवर उतरवून त्याची फाइल करावी लागते. सकाळपासून खपून चष्मिसनं ती केली, आणि निघालं काय, तर परकं पोर!

"चरे घालवायला स्टुडिओत दिली होती," मामा वर्तमानपत्रामागून म्हणाला. "परवाच आणली."

"लावून पाहिलीस?"

"त्यात काय पाहायचं?"

चष्मिसनं शेजारच्या भिंगरीला हाक मारली. ही मुलगी एका जागी कधी टिकत नसे. तिघंही स्टुडिओत पोचली.

"आमच्याकडे अदलाबदल होत नाही," स्टुडिओवाले मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. "तुमच्याच नात्यातलं असेल बाळ. नीट आठवा."

"नातेवाईक काय आठवून होतात?" भिंगरी फणकारली.

पण त्यांनी कोणाची डिस्क कोणाला दिली, याची कुठे नोंदच ठेवली नव्हती. तिघं हात हलवत परतली.

"आता गं?" टिल्लूचा चेहरा एवढासा झाला.

"आता बाळालाच विचारू," चष्मिस म्हणाली आणि फाइल पुन्हा उघडली. एकेक चित्र पुढे सरकवताना ती एकदम थांबली. सलूनच्या आरशात रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी दिसत होती. अक्षरं उलटी आणि पुसट होती. तिनं चित्राची डावी-उजवी बाजू उलटवली, ते मोठं केलं, उजेड वाढवला.

"'जुनी घड्याळे'..." भिंगरीनं अडखळत वाचलं. "अगं, हे तर पुलाजवळचं दुकान!"

पुढच्या दहा मिनिटांत तिघं पुलाजवळ होती. घड्याळांच्या दुकानासमोर खरंच सलून होतं. चष्मिसनं बाळाचं छापून आणलेलं चित्र पुढे धरताच न्हावीकाका खो खो हसले. "याला कसा विसरेन? चावला होता मला! दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा. मागच्याच गल्लीत राहतात. आता माझ्याएवढा उंच झालाय."

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या ओशाळल्या.

"आमच्या कव्हरातही भलतीच डिस्क निघाली. कोणीतरी वर्गात बोलत होतं. मला वाटलं, स्टुडिओवाल्यानं रद्दीतली दिली. मग मी ती... या, दाखवतेच."

गॅलरीत दोरीला एक डिस्क लटकत होती. वाऱ्यावर गरगर फिरत ती कबुतरांना हुसकत होती.

"आजोबा!" टिल्लू धावला.

डिस्क धुळीनं माखली होती, वर दोन नवे चरेही पडले होते. बाळाची डिस्क डॉक्टरीणबाईंना देऊन तिघं घरी पळाली. चष्मिसनं मऊ फडक्यानं आजोबांची डिस्क मधून कडेकडे हलकेच पुसली आणि आत सरकवली. चाळीस टक्क्यांवर आकडा अडकला. ड्राइव्ह घरघरू लागला. टिल्लूनं डोळे घट्ट मिटले. चष्मिसनं डिस्क पुन्हा पुसून लावली, तरी तेच.

"वेग कमी करून बघू," चष्मिस स्वतःशीच पुटपुटली. तिनं अगदी सावकाश वाचायला लावलं. एक्केचाळीस. बराच वेळ एक्केचाळीसच. मग बेचाळीस. भिंगरी चक्क एका जागी बसून होती. संध्याकाळपर्यंत फाइल तयार झाली आणि जेवणाआधी ती कापून, फोटोही जोडून झाले.

दुसऱ्या दिवशी सगळे पडद्यासमोर जमले. डॉक्टरीणबाईही आल्या, त्यांचा ताडमाड मुलगाही आला. अंधार झाला आणि खोलीत एक भरदार, मिश्किल आवाज घुमला, "तर मुलांनो, त्या कोल्ह्याला वाटलं, आपल्यासारखा शहाणा आपणच..."

मामाच्या हातातला कप तसाच राहिला. आजोबा ताठ बसून स्वतःलाच ऐकत होते.

टिल्लूनं पडद्याकडे पाहिलं, मग मामाकडे. "हा तर माझ्या बाबांचा आवाज आहे," तो म्हणाला.

आजोबांनी त्याला मांडीवर ओढलं. मामानं कप खाली ठेवला. "पोरींनो, लावून न पाहता आणली ही माझी चूक. तुम्ही नसतात तर हा आवाज कबुतरांनीच ऐकला असता."

आजोबांनी खूण करून चष्मिसला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. पुन्हा लाव.