पाण्यात सोडलेली अर्थिंग

ट्रॅक्टरवर गाण्यांचा डेक बसवायचं काम मी एकोणीस वर्षं करतोय. तलवाड्यात माझं दुकान आहे. ऊसतोडीला निघणारे निम्मे ट्रॅक्टर बजरंगच्या हातून वाजत जातात, असं लोक म्हणतात आणि मी नाही म्हणत नाही. डेक बिघडला तर त्याला कारण असतं. वायर तुटलेली असते, फ्यूज उडालेला असतो, नाहीतर मालकाला अक्कल नसते. चौथं कारण मला कधी सापडलं नव्हतं. भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्याला मी दुकानात बसू देत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

श्रावणात बंकटचा फोन आला. बंकट माजलगावच्या धरणात मासे धरतो. यंदा त्यानं कोकणातून एक जुनी फायबरची बोट आणली होती, रविवारी लोकांना फिरवायला. बोटीत डेक होता, खास बोटींसाठी बनवलेला, पाणी उडालं तरी खराब न होणारा. पण चालू केला की घूंऽऽ करायचा आणि गाणं मधेच गिळायचा.

"बजरंगभाऊ, गाणं न्हाई तर बोटीत बसायचं कावून, म्हणत्यात लोकं. या एकदा."

मंगळवारी सकाळी गेलो. निघताना आरोही, माझी सहा वर्षांची पोरगी, मोटारसायकलला लटकली होती. शाळा होती म्हणून नेलं नाही. धरण काठोकाठ भरलं होतं. ऊन पडलं होतं, वारा नव्हता. बंकट एकटाच होता, बिडी ओढत.

डेक उघडला. समुद्राच्या खाऱ्या हवेनं तारांचे जोड हिरवे पडले होते. ते घासले, फ्यूज नवा टाकला, स्पीकरच्या तारा बदलल्या. तरी घूं. म्हणजे दोष अर्थिंगचा. ट्रॅक्टरला सोपं असतं, काळी तार बॉडीच्या बोल्टखाली दाबली की झालं. फायबरला लोखंडी बॉडी कुठली? ती तार थेट बॅटरीच्या मायनसला न्यायला पाहिजे होती. पण बॅटरी पार मागं, फळ्यांच्या खाली, आणि फळ्या उचकटायचा मला कंटाळा आला. हे कबूल करतो. आमच्याकडं विहिरीवरची मोटर कुरकुरायला लागली की अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओततात. अर्थिंग ओली पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं तर सगळं धरणच होतं. मी काळ्या तारेला वायरचं लांब भेंडोळं जोडलं, टोकाला काठावर पडलेला, नांगराचा झिजलेला फाळ बांधला आणि पाण्यात सोडून दिला.

घूं थांबलं. गाणं काचेसारखं स्वच्छ वाजायला लागलं.

"मानलं भाऊ तुमाला," बंकट म्हणाला.

गाणं संपलं आणि दुसरं लागायच्या आत स्पीकरमधून खोकला आला. बंकटचा, बिडीचा, ओला खोकला. मग बंकट खोकला.

डेकचा माईक चालू राहिला असेल, असं मी म्हणणार होतो. पण माईक मीच काढून डब्यात ठेवला होता. मी गाणी बंद केली, डेक नुसता चालू ठेवला. थोड्या वेळानं स्पीकरमधून ठण्ण झालं, लोखंड पडल्यासारखं. माझा पाना माझ्या हातात होता. मी तो जपून बाकावर ठेवला, कडेपासून चांगला आत. बंकटनं इंजिनची दोरी ओढली, बोट हादरली, पाना घसरत घसरत खाली गेला. ठण्ण.

बंकटनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

आवाज मागं राहतो, हे मला माहीत आहे. लग्नातल्या स्पीकरचा आवाज डोंगराला आपटून उशिरा येतो. पण आवाज पुढं पळत नाही. मला राग आला. एकोणीस वर्षं काय झक मारली का मी?

"आत घे बोट," मी म्हणालो.

"कावून? झालं की काम."

"घे म्हणतो ना बे."

बोट जशी खोल पाण्याकडं गेली, तसं भेंडोळं आपोआप उलगडत गेलं. आवाज किती आधी येतो ते मोजायला मी मोबाईलवर घड्याळ लावलं होतं. काठाशी आवाज पाच-सात सेकंद आधी यायचा. आता स्पीकरमधून माझ्या मोबाईलची रिंग वाजली. मग माझाच आवाज, "हां मनिषा, बोल. न्हाई, जेवायला उशीर होईल. ठेव झाकून."

मोबाईल माझ्या हातातच होता. गप्प होता.

चार मिनिटांनी तो वाजला. बायकोचा फोन. घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण घरी काही झालं असेल तर, म्हणून घेतला. "हां मनिषा, बोल," मी म्हणालो, आणि पुढचंही सगळं म्हणालो. तिनं विचारलंच तसं, दुसरं काय बोलणार?

बंकटनं बिडी पाण्यात टाकली. "भाऊ, इथं खाली सिंदफणा नदीचं जुनं पात्र हाय. लई खोल हाय. माघारी जाऊ."

त्यानं इंजिन बंद केलं, बोट वळवायला वल्हं हातात घेतलं, आणि तसाच उभा राहिला. भेंडोळं संपलं होतं. वायर ताणून सरळ खाली गेली होती.

स्पीकरमधून दाराची कडी हलल्याचा आवाज आला. आमच्या घराची कडी. ती सैल आहे, वाऱ्यानं वाजते.

मग मिक्सर. तोही आमचाच, सुरू होताना अडखळणारा.

मग आरोही. "पप्पा, वेणी सोडू का?"

तिचा 'स' फसफसत होता. पुढचे दात पडलेली पोरं बोलतात, तसा. सकाळीच तिनं त्या दातांनी भुईमुगाच्या शेंगा फोडल्या होत्या.

मग मी. "ये, बस इथं."

हे मी रोज म्हणायचो. दुकानातून आलो की मी ओसरीत बसायचो, आणि ती वेणी सोडून माझ्या गुडघ्याला टेकायची, केस विंचरून घ्यायला.

त्यानंतर पाणी. विहिरीत बुडी मारल्यावर कानात भरतं, तसं. ते भरत गेलं, भरत गेलं आणि थांबलं. डेकचा दिवा चालू होता. स्पीकरमधून काही येत नव्हतं.

"तुमची पोरगी हाय का ती?" बंकटनं विचारलं.

"हाय."

"वर काडा ती तार."

मी तार ओढली. फाळ वर आला तो कोरडा ठणठणीत होता, उन्हात ठेवल्यासारखा कोमट. बंकटनं तो माझ्या हातातून घेतला नाही.

काठावर येऊन मी फळ्या उचकटल्या आणि काळी तार बॅटरीला नेली. अर्ध्या तासाचं काम होतं. तो डेक आजही सुरेख वाजतो. लोक नाचतात म्हणे बोटीत.

घरी आल्यावर मी अंगणातला हौद मुरूम टाकून बुजवला. पाण्याचे दोन्ही ड्रम देऊन टाकले. "आता पाणी काय डोक्यावर साठवू?" मनिषानं भांडण काढलं. तिला काय सांगणार? सांगितलं तर तेच खरं होईल, असं वाटायचं. घरात दोन कळश्यांच्या वर पाणी ठेवायचं नाही, एवढंच बजावलं.

आणि 'ये, बस इथं' हे तीन शब्द मी बोलायचे बंद केले. मी बोललोच नाही तर पुढचं होणार कसं, असा हिशोब. पोरगी कंगवा घेऊन यायची, उभी राहायची, वाट बघायची. मी म्हणायचो, "आईकडं जा." पहिले काही दिवस ती हसली, तिला खेळ वाटला. नंतर कंगवा आणायची बंद झाली. "तिच्यावर कशाचा राग हाय तुमचा?" मनिषानं एकदा विचारलं. मी मोरीत जाऊन रडलो. मी भितो, दिवसाढवळ्या भितो, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही.

दिवाळीत आरोहीचा पुढचा दात पडला. मनिषानं शेणाच्या गोळीत घालून पत्र्यावर टाकला. संक्रांतीला दुसरा पडला.

आज रविवार. दुपारी मी ओसरीत पेपर वाचत होतो. वारा सुटला आणि कडी वाजली. वाऱ्यानं वाजतेच ती, मी स्वतःला म्हणालो.

मनिषा कारळाची चटणी करत होती. मिक्सर अडखळला आणि सुरू झाला.

मी पेपर खाली ठेवला. दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"पप्पा, वेणी सोडू का?" आतल्या खोलीतून आलं. 'स' फसफसत होता.

मी बोललो नाही. शपथेवर सांगतो, मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"ये, बस इथं," आतून आवाज आला. माझा आवाज. तीच ढब, तेवढाच घोगरा.

मी दाराशी धावलो. आरोही भिंतीला टेकून बसली होती. बाहुलीला गुडघ्याशी ओढून घेत होती. इतके महिने तिला ते कुणी म्हटलं नव्हतं. आता तीच बाहुली होत होती आणि तीच पप्पा.

मला बघून ती लाजली. काहीतरी बोलली. तिचे ओठ हलताना मला दिसले, पण माझ्या कानात पाणी भरत गेलं, आणि मग ऐकू काहीच आलं नाही. मिक्सरही नाही, कडीही नाही.

सकाळी मनिषानं तिच्या कोरड्या केसांची घट्ट वेणी घातली होती. ती आता सुटली होती, आणि केसांच्या टोकांवरून फरशीवर पाणी ठिबकत होतं.