मोठा प्रोसेसर हरला कसा?

ग्रामपंचायतीच्या सभागृहात दोन संगणक शेजारीशेजारी मांडले होते. एक लहान, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा. दुसरा पेटाऱ्याएवढा, पंख्यांच्या आवाजानं घुमणारा. दोघांना एकच फोटो दिला होता आणि प्रश्नही एकच विचारला होता: या फोटोत बिबट्या आहे का?

लहान संगणकानं पापणी लवायच्या आत सांगितलं, ‘आहे.’ मोठ्यानंही तेच सांगितलं, पण दुप्पट वेळ घेऊन.

“परत लावा,” सरपंच शालनताई म्हणाल्या. परत लावलं. परत तोच निकाल.

बारा वर्षांची ईश्वरी खिडकीशी उभी राहून हे पाहत होती. तिला अवघडल्यासारखं झालं, कारण मोठा संगणक आणायचा सल्ला तिच्या आजोबांचा होता. डॉक्टर भालचंद्र खैरे यांनी उभं आयुष्य बंगळुरात प्रोसेसर (संगणकात सगळी आकडेमोड करणारी चकती, म्हणजे त्याचा मेंदू) बनवण्यात घालवलं होतं, आणि आता ते जुन्नरजवळच्या आपल्या गावी परतले होते.

“खैरेसाहेब, हा तिप्पट महाग, वीजही जास्त खातो, आणि हरला तो हाच,” शालनताई म्हणाल्या. “गावाच्या पैशाचा प्रश्न आहे. सोमवारी परत पाठवूया.”

आजोबांनी मान हलवली. “तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर त्यानं दिलं,” एवढंच म्हणून ते उठले.

ईश्वरीला काही हे पटलं नाही. महागाची वस्तू खराब निघू शकते, हे ठीक. पण आजोबांसारखा माणूस फसेल कसा?

गावाभोवती ऊसच ऊस होता आणि उसात बिबटे. माणूस आणि बिबट्या दोघांनी सुखरूप राहावं म्हणून गावानं बांधाबांधावर कॅमेरे बसवले होते. बिबट्या दिसला की जवळच्या खांबावरचा दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. लोक घरात जायचे, बिबट्या आपल्या वाटेनं निघून जायचा. आठ कॅमेरे होते तोवर लहान संगणकानं हे काम चोख केलं. पण यंदा शेजारची पाच गावंही सामील झाली आणि कॅमेरे साठावर गेले. परीक्षेच्या दिवशी दुपारीच ते सगळे लहान संगणकाला जोडण्यात आले.

संध्याकाळी ईश्वरी आईबरोबर ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर गेली. आई तिथल्या मुलांची शाळा घ्यायची. बीडकडून आलेली कुटुंबं पाचटाच्या खोपट्यांत राहत होती. गयाबाईची पाच वर्षांची आरुषी नळावर तांब्या भरत होती, आणि ईश्वरी तिला हाक मारणार तोच नळामागचा ऊस हलला.

वारा नव्हता.

ठिपक्यांची एक लांब पाठ दोन सऱ्यांमधून सरकत गेली. खोपटाच्या दारातून गयाबाई धावली, तिनं पोरीला उचललं आणि उलट्या पावलांनी मागे आली. बिबट्यानं एकदा वळून पाहिलं आणि तो ओढ्याकडे उतरला. सगळं शांत झालं, आणि मग कुठे खांबावरचा दिवा लागला, भोंगा वाजला.

“आता वाजतोय व्हय,” गयाबाई दिव्याकडे बघत म्हणाली. पोरीला तिनं छातीशी इतकं घट्ट धरलं होतं, की आरुषी रडायला लागली. “आमी ह्याच्या भरवशावर लेकरं सोडतो, बाई.”

आईबरोबर ईश्वरी तडक आजोबांकडे गेली. त्यांनी सभागृहात जाऊन लहान संगणकातली नोंद उघडून पाहिली. कॅमेऱ्यानं बिबट्याचा फोटो अगदी वेळेवर काढला होता. पण त्याच्या पुढे इतर कॅमेऱ्यांच्या फोटोंची रांग होती. बिबट्याचा फोटो त्या रांगेत ताटकळत राहिला होता.

“पण हाच संगणक जास्त वेगवान आहे ना?” ईश्वरीनं विचारलं. “सकाळी तर तोच जिंकला.”

आजोबांनी खुर्ची ओढून तिला समोर बसवलं. “तुझ्या आईइतक्या झटपट भाकरी गावात कोण करतं?”

“कुणीच नाही.”

“घरी एक पाहुणा आला, तर पहिली गरम भाकरी कोण वाढेल? तुझी आई, की लग्नघरी भाकऱ्या करायला बसलेल्या साठ बायका?”

“आई. तिचा हात सगळ्यांत चपळ आहे.”

“आणि पाचशे पाहुणे आले तर?”

“मग आई कितीही चपळ असली तरी पंगत ताटकळेल. त्या बायका हळू असल्या तरी एकदम साठ भाकऱ्या निघतील.”

“प्रोसेसरमध्येही असे हात असतात. त्यांना कोर म्हणतात (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करू शकणारा भाग). लहान संगणकात आठ कोर आहेत, फार चपळ. मोठा आहे तो सर्व्हर (पुष्कळ ठिकाणांहून येणारी कामं एकाच वेळी सांभाळणारा संगणक). त्याच्यात चौसष्ट कोर आहेत, पण एकेकाचा वेग निम्मा.”

“मग चौसष्टही चपळच का नाही बनवले?”

आजोबा खूश झाले. हा प्रश्न त्यांना बंगळुरात नव्या इंजिनिअरांकडूनसुद्धा नेहमी ऐकू येत नसे. “एकाच स्वयंपाकघरात चौसष्ट चुली मोठ्या आचेवर पेटव. काय होईल?”

“आत उभं राहवणार नाही.”

“तेच. कोर जितका वेगात चालतो तितका तापतो. सगळे एका चकतीवर बसवायचे, तर प्रत्येकाची आच कमी ठेवावी लागते. आणि साठ बायकांना पिठाचा डबा एकच दिला तर?”

“डब्यापाशीच रांग लागेल.”

“म्हणून सर्व्हरमध्ये स्मृतीकडे (संगणक माहिती हाताशी ठेवतो ती जागा) जाणाऱ्या वाटा जास्त असतात. शिवाय त्या स्मृतीत एखादा आकडा चुकून बदलला, तर ती चूक शोधून दुरुस्त करायची सोय असते. महिनोन्‌महिने बंद न पडता चालायचं म्हटलं की ही सोय लागतेच. किंमत वाढते ती या सगळ्यामुळे.”

ईश्वरी म्हणाली, “म्हणजे सकाळी आपण एकाच पाहुण्याला जेवायला बोलावलं होतं. मोठा हरला नाही. आपली परीक्षाच चुकली.”

“मग बरोबर परीक्षा कोणती, ते तू सांग,” आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरी शालनताईंच्या घरी गेली. त्या गोठ्यात होत्या. वस्तीवर काय घडलं ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“काकू, अजून एकदा दोघांची परीक्षा घ्यायची,” ईश्वरी म्हणाली. “पण एका फोटोची नाही. काल संध्याकाळी साठही कॅमेऱ्यांनी जे जे फोटो काढले, ते जसे आले तसेच दोघांना द्यायचे. आरुषी नळावर होती तेव्हाचे.”

शालनताईंनी हात पुसले. “आणि तरी मोठा हरला तर?”

“तर मी स्वतः गाडीत चढवायला मदत करीन.”

सभागृहात या वेळी गर्दी होती. गयाबाईही आली होती आणि दाराशी उभी होती. शालनताईंनी तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं. ईश्वरीनं दोन्ही संगणकांवर फोटो सुरू केले.

पहिले काही क्षण दोघं बरोबरीनं चालले. मग लहान संगणकापुढची रांग वाढायला लागली. त्याचे आठही कोर जीव तोडून पळत होते, तरी वाढतच गेली. मोठ्याच्या पडद्यावर मात्र रांग अशी नव्हतीच. फोटो आला की कुठला तरी रिकामा कोर तो उचलत होता. आणि एकाएकी त्याच्यावर लाल चौकट उमटली: बिबट्या, नळामागचा बांध.

लहान संगणक अजून कुणाच्या तरी म्हशीचा फोटो तपासत होता.

त्या बांधावरून नळाजवळ यायला बिबट्याला किती वेळ लागला होता, हे फोटोंवरच्या वेळेवरून आता सगळ्यांना समोर दिसत होतं. तेवढ्यात आरुषी भरलेला तांब्या घेऊन चालत खोपटात गेली असती.

“ह्योच ठेवा,” गयाबाई म्हणाली.

“ठेवतोच,” शालनताई म्हणाल्या, आणि आजोबांकडे वळल्या. “पण खैरेसाहेब, तिप्पट पैसे मोजायचे ते वसूल होतील ना?”

“काम किती आहे त्यावर ते ठरतं,” आजोबा म्हणाले. “पैसे तिप्पट, विजेचा खर्च वेगळा. पण याच वेळात तो चौपट फोटो तपासतो. हात भरलेले असले तर एकेक फोटो स्वस्तात पडतो. आठच कॅमेरे असते, तर त्याचे बहुतेक कोर नुसते बसून वीज खात राहिले असते, आणि मीच तुम्हाला म्हणालो असतो, परत पाठवा.”

“आणि लहान?”

याचं उत्तर ईश्वरीनं दिलं. “तो शाळेला द्या, काकू. आम्ही एका वेळी पडद्यावर एकच चित्र हलवतो, एकच प्रयोग चालवतो. तिथे त्याच्यासारखा चपळ हात दुसरा नाही.”

शालनताई हसल्या. दोन दिवसांतलं त्यांचं ते पहिलं हसू होतं.

मोठ्या संगणकाला कॅमेरे जोडले त्याच आठवड्यात, ऐन तिन्हीसांजेला, ओढ्याकाठच्या खांबावर दिवा लागला. ईश्वरी तेव्हा वस्तीवरच होती. आयांनी पोरांना आत बोलावलं, कडब्याची दारं ओढून घेतली. कुणी धावलं नाही, कारण धावायची गरज नव्हती. फटीतून ईश्वरीनं पाहिलं. मोकळ्या वाटेवर एक मादी आली, आणि तिच्यामागे अडखळत दोन पिल्लं. वाट ओलांडून तिघंही पलीकडच्या उसात शिरली.

“पोरं हायती तिलाबी,” गयाबाई कुजबुजली.

आजोबा तिला न्यायला आले. घरी परतताना ईश्वरीनं त्यांना विचारलं, “थोडे चपळ आणि बाकी पुष्कळ शांत, असे दोन्ही कोर एकाच प्रोसेसरात बसवता येतील?”

“तसे बनवतातही. पण समोर आलेलं काम चपळ हाताला द्यायचं की शांत हाताला, हे क्षणात ओळखणं अवघड असतं. ते अजून कुणाला पुरतं जमलेलं नाही.”

“फोटो पाहून नाही ओळखता येणार?” ईश्वरी म्हणाली. “जिथे काही हललंय, तो फोटो आधी चपळ हाताकडे. बाकीचे सावकाश.”

आजोबा चालता चालता थांबले. “पुढे बोल,” ते म्हणाले.