डाव्या पायाची जागा

सरोज वैशंपायन खुर्चीत बसल्या. पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. समोर पाण्याचा ग्लास होता. तो त्यांनी जरा बाजूला सरकवला, कागद भिजू नये म्हणून.

"पोलिसांत दिलेल्या जबाबाची नक्कल आहे," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा सुश्रुत गेला. आज अठरा दिवस झाले."

त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. शाळेत हजेरी घेतात, तसा आवाज.

ऋजुता टेंभेने कागद उघडला. डोंबिवली पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानावर तिचं दोन खोल्यांचं कार्यालय होतं. खाजगी तपासाची कामं ती तिथून करायची. खिडकीपाशी भाऊ दांडेकर बसले होते. भाऊ पोस्टातून निवृत्त झालेले, तिच्या वडिलांचे मित्र. तिची गाडी चालवणं आणि चुकीचे तर्क करणं, ही दोन कामं ते मनापासून करत.

"सुश्रुत दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये होता," सरोजबाई सांगू लागल्या. "रविवारी दुपारी इडलीचं पीठ आणायला स्कूटरवरून गेला. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर पुढची गाडी एकदम थांबली आणि तो मागच्या काचेवर आदळला. गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी गाडीचे मालक स्वतःहून पोलिसांत हजर झाले. पीठ डिकीत तसंच होतं. पोलिसांनी परत दिलं मला."

ऋजुताने मालकांचा जबाब वाचला. मालक गोपीनाथ माधवी, वय सहासष्ट, राहणार बाळकुम. गाडी ऑटोमॅटिक. आदल्याच दिवशी, शनिवारी, डाव्या पायासाठी बाहेरून फूटरेस्ट बसवून घेतला होता. त्याचा बोल्ट ढिला राहिला, पट्टी फिरली, पाय घसरून ब्रेकवर पडला. गाडीत एकटेच होते. कळव्याचा फिटर कमलेश याने चूक कबूल केली आहे.

"चौकातला कॅमेरा बंद होता," सरोजबाई म्हणाल्या. "पण कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या रमाबाई आहेत. त्या सांगतात, रस्ता मोकळा होता, आधी स्कूटरचा हॉर्न सारखा वाजत होता, मग ब्रेक लागला. सुश्रुत हॉर्न वाजवत नसे हो. मित्र चिडवायचे त्याला, तुझ्या स्कूटरला हॉर्न आहे की नाही म्हणून."

"तुम्हाला कोणावर संशय आहे?"

"नाही. कोणाशी भांडायचंही नाही मला. गाडी का थांबली, तेवढं कळू दे. रात्रंदिवस तेवढंच चालतं डोक्यात."

*

"साधी गोष्ट आहे," कळव्याकडे जाताना भाऊ म्हणाले. "ऑटोमॅटिकला क्लच नसतो. डाव्या पायाला कामच नाही. तो बिचारा जागा शोधत फिरतो. म्हणून फूटरेस्ट. पाय टेकला की कंबर स्थिर, वळणावर अंग हलत नाही. मलाही बसवायचाय एक. पोटरी भरून येते गं."

"आणि तो ढिला बसला तर?"

"तर हे असं."

कमलेशचा गाळा लहान होता, पण लख्ख. पाने मापाप्रमाणे भिंतीवर टांगलेले. फरशीवर तेलाचा थेंब नव्हता. तो एका गाडीत डोकं घालून व्हॅक्यूम फिरवत होता.

"आधी सफाई," तो बाहेर येत म्हणाला. "कार्पेटखाली वाळूचा दाणा राहिला ना, पट्टी डुगडुगते. झटकल्याशिवाय मी बोल्ट लावतच नाय. दोन बोल्ट. एक वर, एक खाली."

"मग माधवींच्या गाडीत काय झालं?" ऋजुताने विचारलं.

कमलेशने हात फडक्याला पुसले. ते आधीच स्वच्छ होते.

"चूक माझी. वरचा बोल्ट ढिला राहिला. शनिवारी गर्दी असते."

"कोणी दबाव आणला?"

"कोण आणणार, मॅडम? पोलिसांना लिहून दिलंय."

"गाळा कोणाचा?"

"गोपीनाथशेठचा. देवमाणूस. माझी आई आजारी होती, तेव्हा ॲम्ब्युलन्ससोबत स्वतः आलेले."

त्यानंतर तो पुन्हा गाडीत वाकला. व्हॅक्यूमचा आवाज सुरू झाला.

"प्रामाणिक पोरगा," भाऊ परतताना म्हणाले. "चूक कबूल करतो."

"हो," ऋजुता म्हणाली. "फारच."

*

बाळकुमला माधवींचं घर तिमजली होतं. आजूबाजूच्या शेतांवर आता टॉवर उभे होते. गोपीनाथ दारातच भेटले. आडदांड, उन्हाने रापलेला माणूस. सरोजबाईंचं नाव ऐकताच त्यांनी मान खाली घातली.

"त्या बाईंनी पाठवलंय, तर बघा काय बघायचं तं. मी काय लपवनार? पंचनामा झाला, गारी तिकडं उभी हाय."

गाडीच्या मागच्या काचेच्या जागी प्लास्टिक चिकटवलेलं होतं.

"कसं झालं, बसून दाखवाल?" ऋजुताने विचारलं.

गोपीनाथांनी दार उघडलं. पायातल्या चपला काढून नीट जोडीने जमिनीवर ठेवल्या, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि आत बसले.

"हा पाय असा पट्टीवर ठेवलेला. पट्टी फिरली. चप्पल सटकली, आन् पाय गेला ब्रेकवर."

"मागून हॉर्न ऐकू आला?"

"नाय. काचा बंद, एसी चालू. मागं कोन हाय, तेच ठाऊक नव्हतं."

ते उतरले आणि चपला घालून घराकडे गेले. ऋजुता आत वाकली. पट्टीचा वरचा बोल्ट बोटांनीच फिरत होता. खालचा मात्र हलेना. भाऊंच्या गाडीतला पाना आणावा लागला. पट्टी उचलली, तर खालच्या बोल्टाच्या चारी बाजूंना साबुदाण्याएवढे काचेचे दाणे कार्पेटात रुतून बसले होते. तिने फोनवर फोटो काढले.

"सगळीकडे आहे ही काच," भाऊ म्हणाले. "सीटखालीसुद्धा. मागची काच फुटली, ब्रेकच्या झटक्याने दाणे पुढे आले. त्यात काय?"

ऋजुता वळसा घालून पुढच्या डाव्या दारापाशी गेली होती. दाराच्या खालच्या कडेला, रबराच्या खाचेत, चार-पाच निळे रेशमी धागे अडकले होते. भाऊंनीही ते पाहिले.

"पुसायचं फडकं असेल," ते म्हणाले.

*

गोपीनाथांचा मुलगा प्रितम हॉलमध्ये फोन बघत बसला होता. तिशीचा, कसलेल्या दंडांचा.

"मी घरी होतो. जेवून झोपलेलो," त्याने वर न बघता सांगितलं. "बाबा एकटेच गेलेले. त्यांचं काय चुकलं सांगा ना? आता हे स्कूटरवाले. मागे चिकटून चालवणार, हॉर्न मारणार, हात काय दाखवणार. भेजा फिरतो माणसाचा. अंतर ठेवायला नको?"

"नको कसं? ठेवायलाच हवं," भाऊ म्हणाले.

ऋजुताने फक्त विचारलं, "तुमच्या पत्नी आहेत घरात?"

आतल्या खोलीत प्रितमची बायको भावना पलंगावर बसून ओढणी दुमडून शिवत होती. निळी रेशमी ओढणी. तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा वीतभर आखूड होतं आणि तिथे धुऊनही न गेलेला काळा डाग होता.

"फाटली वाटतं," ऋजुता म्हणाली.

"खिळ्याला अडकलेली."

"त्या रविवारी तुम्ही कुठे होता?"

"घरीच." सुई थांबली नाही. "सगळं घरीच असतं माझं."

"झोप लागते?"

भावनाने वर पाहिलं. "त्यांच्या आईला लागते का?" तिने विचारलं आणि पुन्हा टाका घातला.

*

दोन दिवसांनी माधवींच्या हॉलमध्ये सगळे जमले. ऋजुताच्या सांगण्यावरून गोपीनाथांनीच कमलेशला बोलावून घेतलं होतं. सरोजबाई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. कोणीतरी सरबत आणून ठेवलं. कोणी घेतलं नाही.

"मी फूटरेस्टपासून सुरुवात करते," ऋजुता म्हणाली. "जबाबात म्हटलंय, तो शनिवारी बसवला आणि अपघात रविवारी झाला. पण पट्टीखाली मागच्या काचेचे दाणे होते. ती काच फुटली रविवारी."

"ढिल्या पट्टीखालून गेले असतील की," भाऊ म्हणाले.

"वरचा बोल्ट ढिला होता, भाऊ. खालचा इतका घट्ट होता की तुमचा पाना लागला. दाणे त्याच्याच भोवती कार्पेटात दाबले गेले होते. पट्टी खाली घट्ट आवळलेली असताना तिथे दाणा शिरणार कुठून? आधी काच पडली, नंतर पट्टी बसली. म्हणजे अपघात झाला, तेव्हा गाडीत फूटरेस्ट नव्हताच. तो रविवारी संध्याकाळी बसवला आणि एक बोल्ट मुद्दाम ढिला ठेवला. मोकळ्या रस्त्यात ब्रेक का मारला, याला कारण हवं होतं."

सगळ्यांनी कमलेशकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"झटकल्याशिवाय बोल्ट लावत नाही म्हणालास," ऋजुता म्हणाली. "त्या दिवशी का नाही झटकलंस?"

"काच दिसलेली मला," कमलेश हळू म्हणाला. "शेठ म्हणाले बसव, मी 'नाय' म्हणू शकलो नाय. पण काच नाय झटकली. तेवढंच होतं माझ्या हातात."

गोपीनाथांनी डोळे मिटले.

"मग पाय घसरला नाही, हे ठरलं," ऋजुता पुढे म्हणाली. "आता प्रश्न, पाय कोणाचा होता? गोपीनाथशेठ, चप्पल सटकली असं तुम्ही सांगितलंत. पण बसायच्या आधी तुम्ही चपला जमिनीवर काढून ठेवल्यात. माझ्यासाठी नव्हे. तुमचं तुम्हालाच कळलं नाही."

"गारी म्हंजे लक्ष्मी," गोपीनाथ पुटपुटले. "चप्पल घालून कसा बसनार?"

"तुम्ही अनवाणी चालवता. मग सटकलेली चप्पल आली कुठून? ती फक्त जबाबात आहे. गाडी तुम्ही चालवत नव्हता."

"मीच होतो."

"तुम्हाला हॉर्नही ऐकू आला नव्हता. प्रितम मात्र घरी झोपलेले होते आणि त्यांना हॉर्नही माहीत होता, हातसुद्धा. हॉर्न जबाबात नाही. रमाबाईंनी तो ऐकला, पण हात दाखवल्याचं त्यासुद्धा बोलल्या नाहीत. हात फक्त आरशात दिसतो. चालवणाऱ्याला."

प्रितम उठून उभा राहिला. "कोण बोललं मी हात बघितला म्हणून?"

"तूच रे," गोपीनाथ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "बस खाली."

तो बसला नाही.

"मागे लागलेला तो!" प्रितम म्हणाला. "चौकापासून. पीं पीं पीं. ओरडत होता, हात करत होता. शिव्या देत होता मला! म्हटलं, एकदा दाखवतो. एकदाच मारला ब्रेक. घाबरवायला. मला काय माहीत तो एवढा जवळ आलाय?"

खाली रस्त्यावर कुठल्याशा इमारतीचा सिमेंट मिक्सर फिरत होता.

सरोजबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तो शिव्या देत नसे," त्या म्हणाल्या. बचाव करत असल्यासारखं नाही, नुसतं सांगितलं.

"नव्हताच देत," ऋजुता म्हणाली. "कधीही हॉर्न न वाजवणारा माणूस सारखा हॉर्न का वाजवेल? मोकळ्या रस्त्यात पुढे निघून न जाता गाडीला चिकटून का राहील? पुढच्या डाव्या दाराच्या खाचेत निळ्या रेशमाचे धागे आहेत. निळ्या ओढणीचं एक टोक फाटलंय, त्यावर रस्त्याचं काळं आहे. भावना, तुम्ही गाडीत होता. ओढणीचं टोक दारात अडकून बाहेर राहिलं होतं. ते लोंबत होतं, चाकापाशी."

भाऊंचा हात नकळत कपाळाकडे गेला. रस्त्यावर कोणाचीही ओढणी किंवा पदर लोंबताना दिसला, की शेजारून जाणारा ओरडतोच. अनोळखी असला तरी. त्यांनी स्वतः कितीदा तरी हे केलं होतं.

"तो तेच ओरडत होता," ऋजुता म्हणाली. "हात दाराकडे दाखवत होता."

प्रितमने बायकोकडे पाहिलं. "तू बोलली नाहीस मला."

"उतरताना कळलं," भावना म्हणाली. ती दारातच उभी होती. "दार उघडलं आणि टोक हातात आलं. अर्धं तुटलेलं. तुम्ही तेव्हा बाबांना सांगत होतात, कसा माजोरी होता तो. मी काय बोलणार होते? सगळं ठरूनसुद्धा गेलेलं."

प्रितम मटकन खुर्चीत बसला.

गोपीनाथ सरोजबाईंसमोर येऊन उभे राहिले. हात जोडले. "बाई, पोरगा हाय माझा. दुसरं काय सुचलं नाय."

सरोजबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे भाऊंना कळलं नाही. त्या उठून भावनापाशी गेल्या.

"गळ्याला फास नाही ना बसला तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ओरखडा वगैरे?"

"काहीच नाही, बाई."

"बरं," सरोजबाई म्हणाल्या. "बरं झालं."

भावनाचा चेहरा इतके दिवस दगडासारखा होता. तो आता हलला. तिने भिंतीला हात टेकला, मग काढला.

"पोलिसांत मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "मी सांगते. मी शेजारीच बसलेले."

"भावना," प्रितम म्हणाला.

ती थांबली नाही. गोपीनाथ दाराच्या वाटेत उभे होते. ते क्षणभर तसेच राहिले, मग भिंतीकडे सरकले. दोघी बायका जिना उतरून खाली गेल्या.