सपक कोणाला म्हणता?

माझी मैत्रीण करिश्मा, तिच्या हळदीला मी कोलशेतला गेले ती साधी करडी सुती साडी नेसून. सगळा मांडव पिवळाधमक, त्यात मी एकटी अशी. पाणी घ्यायला वळले तर तिचा मावसभाऊ नयन समोर उभा.

"एवढी सपक साडी? हळद आहे, मॅडम!"

"साडी सपक असेल... जीभ नाहीये माझी."

तो हसला. मीही हसले — मेला दिसायला बरा होता! मग मेसेज सुरू झाले, मग डोंबिवलीत भेटी, आणि वर्षभरात मी पुरती प्रेमात पडले.

गेल्या रविवारी त्याच्या घरचे आमच्याकडे मागणी घालायला आले. त्याच्या शालन आत्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्याने विचारलं, "हीच नं र ती सपक?"

हळदीनंतर या शहाण्याने घरी माझं वर्णन त्याच एका शब्दात केलेलं! त्यांच्याकडे निम्मं गाव एकाच आडनावाचं, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव, आणि ते एकदा चिकटलं की जन्मभर सुटत नाही. वर्षभर मी त्या घरात 'सपक' होते. आणि नयन? मान खाली घालून हसत होता.

मी त्याला तडक गॅलरीत ओढलं.

"हसलास काय?"

"अगं, टोपणनाव पडलं म्हणजे तू आमचीच झालीस ना! बाहेरच्यांना कोण देतं?"

"पाणी घातलेली आमटी सपक असते, नयन. आजाऱ्याची पेज सपक असते. उद्या मी घरात काही बोलले की म्हणतील, सपकचं काय ऐकायचं! आणि आपली मुलं? सपकची पोरं?"

"मुलं..?" तो चक्क लाजला.

"लाजू नकोस! मला तू हवा आहेस... फार हवा आहेस. पण हे नाव घेऊन मी तुझ्या घरात येणार नाही. आत जाऊन सांग — नाहीतर चहा घ्या आणि निघा."

तो आत गेला. त्याचे लालबुंद कान मला मागून दिसत होते.

"आत्या, तिला सपक नाय बोलायचं. चूक माझी हाय. तिचं नाव योगिनी. आणि मला ती जाम आवडते."

माझ्या बाबांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला. आत्या फणकारली, "आता अख्ख्या गावाला सांगत फिरशील का?"

"घरोघरी जाऊन सांगीन."

माझा राग काही गेला नव्हता. तरी सगळ्यांच्या देखत मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"कधी जायचं ते सांग," मी म्हटलं, "मीही येते."