मुर्द्याला ओवाळणार कोण?

दिवाळीच्या आधीची पहाट. हातात निरांजन आणि तोंडाला कुलूप. कोजागिरी झाली की रोज पहाटे काकड आरती होईपर्यंत मौन पाळायचं, हा माझा दरवर्षीचा नेम. त्या दिवशीही संत्र्याच्या बगीच्यातून मारुतीच्या देवळाकडे निघाले होते... आणि झाडाखाली मुर्दा उभा!

फाटका मिलिटरीचा युनिफॉर्म, सोललेला गाल, मानेवरून ओघळलेलं रक्त. त्या रक्ताला लागलेल्या मुंग्या तो वैतागून झटकत होता.

किंचाळायची सोय नव्हती — नेम मोडला असता. मी वाऱ्याला हात आडवा धरून ज्योत सांभाळली, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि चालू लागले.

दचकला तो मुर्दाच.

“अवो... भेव नाही लागलं काय तुमाले?”

मी मान हलवली.

“मंग बोलत काहून नाही?”

मी देवळाकडे बोट दाखवलं, मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

“हां हां, नेम आहे... माफ करा. मी गजेंद्र, अकोल्याचा. पिक्चर काढून राहिलो आमी. मी हिरो आहे — म्हणजे, मेलेला हिरो.”

मला हसू आलं. मौनात हसायला बंदी नाही.

आरती करून परतले तर तो तिथेच. मी फुटाण्याचा प्रसाद पुढे केला. आता बोलायला मोकळी होते.

“मुर्द्याले चालते काय प्रसाद?” त्याने विचारलं.

“देवानं कोणाले नाही म्हटलं? उजव्या हातानं घ्या फक्त.”

त्याने रबरी संगीन घाईघाईने डाव्या हातात घेतली.

बगीचा आमचाच, तिवस्याच्या अलीकडे. दिवाळीच्या सुट्टीपुरता बाबांनी तो शूटिंगला दिला होता. गजेंद्र एरवी शहरात, राजापेठेत एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. सुट्टी लागली म्हणून मरायला मोकळा झाला होता. त्याचा मित्र योगेश हा डायरेक्टर. कॅमेराही तोच धरायचा आणि कानाला हेडफोन लावून आवाजही तोच घ्यायचा. पैसेच तेवढे होते.

गोष्ट अशी — भाऊबीजेला घरी निघालेला शिपाई वाटेतच मरतो. पुढे कित्येक वर्षांनी भाऊबीजेलाच उठतो, आणि पाटावर बसलेल्या भावांना कापत सुटतो. शेवटी गावकरी त्याला पेट्रोल टाकून जाळतात.

“जाळून काय होईन?” एका सकाळी संत्रं सोलता सोलता मी म्हटलं. “तो ओवाळून घ्याले आला आहे ना? मंग बहिणीनं ओवाळावं त्याले. जाईन तो आपोआप.”

फोड तोंडाशी नेता नेता त्याचा हात थांबला. “अवो... तुमी तं अख्खा पिक्चर पलटवला!”

आणि तो पळाला योगेशकडे. शेवट बदलला.

तेव्हापासून सगळं युनिट मला आचलताई म्हणू लागलं. योगेश तर एका वाक्यात दोनदा. गजेंद्र मात्र ‘अवो’च्या पुढे सरकेना.

“सगळे ताई म्हणतात. तुमीच काहून नाही?”

“जीभ वळत नाही.”

“गणित शिकवता अन् दोन अक्षरं वळत नाहीत?”

“नाही वळत...” त्याने माझ्याकडे पाहिलं. “अन् वळवायचीबी नाही मले.”

एकच डोळा उघडा होता त्याचा, दुसरा मेणाखाली. पण तो एक पुरेसा होता. त्याचा पूर्ण चेहरा मी अजून पाहिलाच नव्हता. मेकअप पहाटेच लॉजवर चढायचा आणि शूटिंग संपल्यावर तिथेच उतरायचा. मी प्रेमात पडले होते ती अर्ध्या चेहऱ्याच्या, आणि याची मला अजिबात धास्ती नव्हती.

शेवटचा सीन खऱ्या भाऊबीजेला ठेवला होता. गावभर रांगोळ्या, आकाशकंदील, सगळं फुकटात. शिवाय दुसऱ्या दिवशी संत्र्याची तोड सुरू होणार, झाडं रिकामी होणार. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

पाट मांडला, ताट सजलं. पण शिपायाची बहीण झालेली प्रणाली कुठे दिसेना. योगेशने फोन स्पीकरवर लावला.

“मी अकोल्याले आली. भावाले ओवाळाले.”

“अवं पण शूटिंग?”

“भाऊबीज आहे ना आज! समजत नाही काय तुले?”

भाऊबीजेवर पिक्चर काढणारे भाऊबीजच विसरले होते! सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

“आचलताई, फक्त हात दिसतीन तुमचे. ताट फिरवा, ‘दादा, बस’ एवढंच म्हणा. शेवट तुमचाच आहे ना, ताई?” असं म्हणत योगेशने माईकसुद्धा माझ्या खांद्याला अडकवला.

गजेंद्र पाटावर बसला. खाली मान, एकही डोळा वर नाही. मी दिवा लावला, ताट उचललं... आणि हात पुढे जाईना.

दुसऱ्या कुणाला दिव्यासमोर नाटक जमत असेल. मी रोज पहाटे ज्या दिव्यासमोर उभी राहते, त्याच्यापुढे मला खोटं वागता येत नाही. आजच्या दिवशी ही ज्योत त्याच्याभोवती फिरली असती, तर गजेंद्र माझा भाऊ झाला असता. पिक्चरपुरता नाही — जन्माचा.

मी ताट खाली ठेवलं.

“काय झालं, ताई?” योगेश कळवळला. “उजेड चालला! पिक्चर बुडते माहा!”

मी पुटपुटले. इतकं हळू, की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं. पण योगेशच्या कानात हेडफोन होता. त्याने तो सावकाश काढला.

“काय म्हटलं? ...जरा मोठ्यानं बोला बरं.”

माझा आवाज लहान आहे. शब्द नाही. मी सरळ उभी राहिले.

“भाऊ नाही करायचं मले यांले. नवरा म्हणून इचारत असान, तं इचारा.”

मग गजेंद्र हसला... इतका, की मेणाचा गाल तडकून ताटात पडला.

“पाटावर बसल्यापासून मारुतीले हेच मांगून राहिलो होतो,” तो म्हणाला. “हिच्या हातून ताट खाली ठेव म्हणून.”

“मंग स्वतः काहून नाही उठले?”

“मुर्दा होतो ना... तू बोलल्याबिगर कसा उठू?”

तू! पहिल्यांदाच.

“ते सगळं ब्येस,” योगेश रडकुंडीला आला, “पण मुर्द्याले ओवाळणार कोण?”

“सरका बाजूले.”

गंगूबाई, माझी मोठ्याई, बाबांची वहिनी. इतका वेळ चहाची किटली घेऊन तमाशा पाहत उभी होती. “मी ओवाळतो. शिपाई मरून इतके वर्षं झाले म्हणता, मंग बहीण काय पोरगीच राहीन?”

योगेशने गाल कसाबसा चिकटवला आणि कॅमेरा उचलला. मोठ्याईने त्याच्या कपाळावर कुंकू लावलं, ताट ओवाळलं, आणि कुणी न सांगितलेलं बोलून गेली —

“लय उशीर केला रे बापू... आता जेवून जाय.”

योगेश कट म्हणायचं विसरला. शिपायाच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं, ते मेकअपचं नव्हतं.

ओवाळणी म्हणून गजेंद्रने खिसे चाचपले. काहीच नव्हतं. शेवटी रबरी संगीन ताटात ठेवली.

“पुढच्या वर्षी लुगडं आणतो, बाई.”

“आणशीलच.” मोठ्याई माझ्याकडे वळली. “आता तू आयक. हा झाला माहा भाऊ, म्हणजे माह्या माहेरचा माणूस. माह्या माहेरी पोरगी द्याले तुह्या बाबाले काय तोटा आहे? आजच इचारतो त्याले.”

आणि मोठ्याईने विचारलं की बाबा नाही म्हणत नाहीत, हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

दुसऱ्या पहाटे मी पुन्हा निघाले. निरांजन, आणि मौन. त्याच झाडाखाली कुणीतरी उभं होतं — पांढरा शर्ट, नुकता धुतलेला चेहरा. मी निरांजन थोडं वर धरलं. दोन्ही गाल शाबूत, दोन्ही डोळे उघडे. मला नवल वाटलं नाही. तो असाच असणार होता.

“असा दिसतो मी,” तो अडखळला. “नीट पाहून घे... अजूनबी नाही म्हणता येते तुले.”

मी निरांजन त्याच्या हातात दिलं आणि देवळाकडे वळले.

मागून त्याची पावलं आली — ज्योत विझू नये अशी, जपून, हळू.