कुंभारीण आणि पिवळं विमान

"पहिल्या फेरीची चिठ्ठी श्रीरंगची!" दत्तोपंतकाका गरजले आणि मृण्मयीच्या पोटात असा भडका उडाला, की त्यावर वेरूळच्या वाटेवरच्या सगळ्या हॉटेलांचा चहा उकळला असता!

"ह्याला? हा जत्रेतल्या पाळण्यात बसला तरी ओकतो!"

"जळकी!" चुलतभावानं, म्हणजे श्रीरंगनं, जीभ दाखवली.

सुट्टीत दोघं शहरातल्या गुलमंडीहून इथं आले होते, ते गवताच्या धावपट्टीवरची जुनी विमानं बघायला. काकांचं पिवळं विमान तर इतकं जुनं, की गिधाडंसुद्धा त्याला आजोबा म्हणत! सीटा दोनच. एक काकांची, दुसरी श्रीरंगची. आणि विमानांच्या चित्रांनी वह्या भरणारी मृण्मयी? जमिनीवर!

ती धुसफुसत बांधावर संस्कृतीजवळ जाऊन बसली. संस्कृतीची आजी आवडाबाई. धावपट्टीचं गवत कापायचं यंत्र म्हणजे या आवडाबाईंच्या शेळ्या! काकांनी शिट्टी मारली, की संस्कृती त्यांना बाजूला हाकायची.

"कैरी खा, मिठाला लावून," संस्कृती मिठाची पुडी पुढं करत म्हणाली. "राग उतरंल."

तिकडे काका श्रीरंगला विमान ऐटीत दाखवत होते. "ही पंखाखालची नळी. हिच्यात वारा शिरला की काट्यावर वेग कळतो. वेग कमी पडला, की विमान दगडासारखं खाली!"

श्रीरंग मान डोलवत होता, जसा काही उद्यापासून हाच विमान चालवणार! मृण्मयीला बघवेना. पण नजरही हटेना! तेवढ्यात एक माशी त्या नळीत शिरली. बाहेर आली. पुन्हा आली, ती चिखलाचा गोळा घेऊन!

"ती व्हय? कुंभारीण!" संस्कृती म्हणाली. "लई मातीची घरं बांधती. आमची नळाची तोटी पार बुजवली होती."

मृण्मयी धावली. "काका, नळी बुजलीय! आत माशी घर बांधतेय!"

"अगं, नळीला मी लाल टोपी घालून ठेवतो!" काका हसले. टोपी तर कालपासून त्यांच्या जीपमध्येच पडली होती! "जळू नकोस. उद्या तुझा नंबर."

"बघा, मला उडूच देणार नाही ही!" श्रीरंग ओरडला.

जाऊ दे, मृण्मयीच्या मनात आलं. उडू दे. पण काट्यानं वेग चुकीचा दाखवला आणि हा कोसळला तर?

शिट्टी वाजली. पंखा घरघरला.

"संस्कृती, शेळ्या हाकू नकोस! मीठ कुठंय?"

"आजी मारंल की गं!"

पण दोघींनी पुडीतलं सगळं मीठ धावपट्टीवर उधळलं. मिठावर जीव टाकणाऱ्या शेळ्या तुटून पडल्या! काकांनी शिट्ट्या फुंकून गाल फुग्याएवढे केले, पण एकही शेळी हलेना. शेवटी इंजिन बंद करून ते तणतणत उतरले. काठी आपटत आवडाबाईही आल्या.

"आजी, काकांना नळीत फक्त बॅटरी मारून बघायला सांगा!" मृण्मयीनं गळ घातली.

"बघ की, दत्तोपंत! बघितल्यानं तुझी मिशी झडती व्हय?"

काकांनी मोबाईलची बॅटरी मारली आणि मिशीच काय, चेहराच उतरला. आत मातीचा गच्च गोळा!

दुपारी नळी साफ झाली, तपासली गेली. काकांनी एकट्यानं एक फेरी मारली. काटा नीट चालला.

"पोरी, आज तू दोघांचा जीव वाचवलास," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "पहिली सीट तुझी! जळू नकोस म्हणालो, चुकलो."

"चुकलात कुठं?" मृण्मयी टुणकन सीटवर चढली. "जळतच होते मी! म्हणून तर नजर हटली नाही!"