डोकं न दिसलेला साप

अमरसिंह, आधी तो मोबाईल उपडा ठेव बघू. आणि मधी कुणी हसायचं न्हाय. हे ज्याच्यावर गुदरलं त्यो सयाजी माझ्या बघण्यातला माणूस हाय, अजून जित्ता हाय.

शाहूवाडीकडचा सर्पमित्र. घरात साप निघाला की लोक त्यालाच फोन लावणार, हा काठी-पिशवी घेऊन जाणार, साप धरून रानात सोडणार. दोन हजार चोवीस, ऑगस्टची अठरा तारीख. एक धामण सोडून सयाजी साडेधाला घरी आला, जेवला, आडवा झाला. पण झोप कुठली लागतीया. बरोबर वर्साखाली त्याच राती त्यानं एक चूक केलती, आणि ती त्याच्याबिगर कुणालाच ठावं नव्हती.

झालतं असं. वरच्या वाडीतल्या वर्षाराणीनं मोबाईलवर एक फोटो धाडलाता. तिचा नवरा कागलच्या एमआयडीसीत, घरात ही आणि तिचा सात वर्साचा लेक ऋतुराज. फोटोत काळा साप, अंगावर पांढरे पट्टे, डोकं कणगीच्या मागं. आता कवड्या आणि मण्यार दोन्ही तसलेच दिसत्यात. पण कवड्याचे पट्टे मानेपास्नं सुरू हुत्यात, मण्यारीचे जरा मागनं. कवड्या बिनविषारी, मण्यार जीव घेती. म्हणून डोकं दिसल्याबिगर सापाचं नाव सांगायचं न्हाय, हे सयाजीच दुसऱ्यांना शिकवायचा. पण त्या दिवशी चार साप धरून दमलाता गडी. पडल्या पडल्याच म्हणाला, "कवड्या हाय. झाडूनं भायेर काढा आणि खुशाल झोपा."

तिनं झाडू मारला, साप दिसंनासा झाला. मायलेकरं खाली अंथरुणावर झोपली. मण्यार चावल्याली कळतबी न्हाय. पहाटं पोराच्या पोटात कळ आली, पापण्या मिटाय लागल्या, आणि दवाखाना गाठायच्या आत पोर गेलं. पोटाचंच कायतरी झालं, असं समदी म्हणाली. सयाजीनं फोटो मोठा करून बघितला. शेपटीपतूर ठसठशीत पट्टे. कवड्याचे तिथं फिके पडत्यात. मण्यारच हुती ती.

तर वर्सानं त्या अठराच्या राती, दोन वाजून धा मिनिटांनी फोन वाजला. नाव वर्षाराणीचं.

"काका, साप आलाय. बघायला या की."

बारकं पोर.

"कोण बोलतंय?"

"या की काका."

सयाजीनं काठी घेतली न्हाय, पिशवी न्हाय. गाडीला किक मारली. भुरभुर पाऊस. रस्त्याला चिटपाखरू न्हाय. वाडी झोपल्याली… आणि वर्षाराणी दिवा लावून दारात बसल्याली.

"दादा, तुमी? एवढ्या रातचं?"

"तुमच्या नंबरावरनं फोन आलता."

तिनं ट्रंकेतनं मोबाईल काढून दावला. काच फुटल्याली. आत कार्ड न्हाय.

"ऋतुराज गेल्यापास्नं बंदच हाय."

सयाजी उंबऱ्याशीच बसला, आणि सांगून टाकलं. फोटो. डोकं. खुशाल झोपा. फोनवरचं पोर. समदं. त्याला वाटलं आता ही वरवंटा घालंल डोक्यात. घालू दे, म्हणाला मनात.

तिनं दिव्याची वात वर सारली.

"आवाज कसा हुता वो त्याचा? रडत हुता का?"

"न्हाय."

"वर्स झालं, दादा. रोज रातचं जागी बसतीया मी. मला एकदाबी हाक मारली न्हाय त्यानं."

असं म्हणून जी रडली ती बाई. सयाजीबी रडला. लेकराला आपण मारलं आणि हाकबी आपल्यालाच आली, हे त्याला सोसंना.

उजाडताना उठला. पाऊस चालूच. गाडी अंगणात चिंब भिजल्याली. बसायला म्हणून फडक्यानं फुडची सीट पुसली… आणि हात थांबला.

मागं सीटवर वीत-दीड वीत जागा कोरडी ठाक. सात वर्साचं पोर बसंल एवढीच. वरनं पाऊस पडतोय… तिथं थेंब न्हाय.

"काय झालं, दादा?" दारातनं वर्षाराणी.

त्यानं तिच्याकडं बघितलं. सीटकडं बघितलं.

"काय न्हाय."

खड्डं चुकवत, लई सावकाश गाडी घरापतूर आणली. उतरला, तवाबी ती जागा कोरडीच हुती.